लेकाला इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनवरून पेनल्टीची नोटीस आलीये, काय करायचं?

घोडबंदर_आई:

नमस्कार मंडळी, इथे बऱ्याच जणांची मुलं बाहेर शिकायला आहेत म्हणून विचारतेय. जरा सविस्तर लिहिते, अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतात.

माझा मुलगा २३ वर्षांचा, गेल्या सप्टेंबरात लेस्टरला एमएससीला गेला. त्याला लहानपणापासून दमा आहे. आम्ही कासारवडवलीला राहतो, घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून धुळीने तर त्याचा पंप खिशातून बाहेरच असायचा. जाताना मी बॅगेत अस्थालिनचे निळे पंप आणि सकाळ-संध्याकाळ घ्यायचा दुसरा असे मिळून चार-पाच दिले होते बांधून, पण तिकडची थंडी आणि ओल, नोव्हेंबरमध्येच सगळे संपले. मग तो तिथल्या जीपीकडे (तिकडचे फॅमिली डॉक्टर) गेला, त्यांनी तपासून दोन्ही पंप लिहून दिले, डॉक्टरची फी काही लागली नाही. नंतर केमिस्टकडे गेला तर काउंटरवर विचारलं की तू औषधांचे पैसे भरतोस का? हा म्हणाला मी स्टुडंट आहे, व्हिसाच्या वेळी हेल्थ सरचार्ज भरलाय (वर्षाला ७७६ पौंड हिशोबाने आम्ही इथूनच भरला होता, एफडी मोडून). त्यांनी कागद पुढे केला, त्यावर फुल टाइम एज्युकेशन असं लिहिलेला एक चौकोन होता, याने तिथे खूण केली, सही केली, पंप घेतले आणि घरी आला. आम्हाला फोनवर सांगितलं आई इकडे औषधं फुकट आहेत. मी पण खुश झाले, शेजारी दोघीतिघींना सांगूनही आले.

आता परवा त्याच्याकडे पत्र आलंय. एनएचएस (तिथली सरकारी आरोग्य सेवा) बिझनेस सर्व्हिसेस ऑथॉरिटी असं वर नाव आहे, पेनल्टी चार्ज नोटीस म्हणतात त्याला, रक्कम ११८ पौंड ८० पेन्स, २८ दिवसांत भरा नाहीतर अजून वाढेल. म्हणजे आपले तेरा-चौदा हजार. दोन पंपांचे!

पैशांपेक्षा जास्त घरातलं वातावरण बिघडलंय. ह्यांनी त्याला फोनवर सरळ सांगितलं की खोटी सही म्हणजे चोरीच. पोरगा दोन दिवस नीट बोलत नाहीये. मला एवढंच कळतं की तो खोटं बोलला नाही, तो खरंच फुल टाइम शिकतोय. मग चूक कुठे झाली? याचा पुढच्या व्हिसावर परिणाम होतो का, कोर्टकचेरी होते का, भरून टाकावं की अपील करावं? कोणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा, रात्री झोप लागत नाहीये.


खारघर_फार्मा:

ताई, आधी शांत व्हा. मी बर्मिंगहॅममध्ये सात वर्षं केमिस्टच्या दुकानात डिस्पेन्सर होतो, आता खारघरला स्वतःचं मेडिकल आहे. तुमच्या मुलाचं जे झालं ते मी काउंटरच्या आतल्या बाजूने अक्षरशः दर आठवड्याला बघितलंय, आणि त्यात आपली भारतातली मुलं खूप असायची.

चूक कुठे झाली ते सांगतो. त्या चौकोनात फुल टाइम एज्युकेशन लिहिलेलं असतं, पण त्याच्या पुढेच वय असतं, १६, १७ किंवा १८. म्हणजे शाळा-ज्युनियर कॉलेजच्या वयाची मुलं. १९ पूर्ण झालं की तुम्ही पीएचडी करत असलात तरी त्या खणात बसत नाही. मुलं घाईत असतात, अंगात ताप किंवा छातीत घरघर, मागे लाईन, ती पुढचं वय वाचत नाहीत. आणि दुसरा गैरसमज सरचार्जचा. तो भरल्यावर जीपी फुकट, हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट झालात तर तिथले उपचार आणि औषधं फुकट, पण इंग्लंडमध्ये जीपीने लिहून दिलेलं औषध केमिस्टकडून घेताना तिथल्या नागरिकाला जेवढे पैसे पडतात तेवढे तुमच्या मुलालाही पडतात. मे २०२४ पासून तो दर ९ पौंड ९० पेन्स आहे, आणि तो प्रत्येक आयटमला. आपल्याकडे एका कागदावर पाच औषधं असली तर पाचांची वेगवेगळी किंमत लागते, तिकडे प्रत्येक आयटमला तोच ठरलेला आकडा, औषध दोन पौंडांचं असो की दोनशेचं.

आता तुमची रक्कम बघा. दोन पंप म्हणजे १९.८० पौंड. पेनल्टी बुडालेल्या रकमेच्या पाचपट, जास्तीत जास्त १०० पौंड. पाचपट झाले ९९, त्यात मूळचे १९.८० मिळवले की ११८.८०. तुमचा आकडा पेन्सपर्यंत जुळतोय. तीन आयटम असते तर पाचपट १४८.५० झाले असते पण पेनल्टी १०० वरच थांबली असती. २८ दिवसांत भरलं नाही तर पेनल्टीच्या निम्मे, म्हणजे तुमच्या केसमध्ये ४९.५० अजून लागतील, एकूण १६८.३०. तेव्हा पहिलं काम, नोटिशीवरची तारीख बघा. पत्र हातात पडल्याचा दिवस वेगळा असतो, तो धरून बसू नका.

अजून एक, हे तिथे राहून आलेल्यांनाही माहीत नसतं. काउंटरवर आम्ही पुरावा मागायचो, पण पेशंटकडे नसेल तर औषध अडवायचं नाही असा नियम, आम्ही कागदावर पुरावा बघितला नाही अशी खूण करायचो आणि औषध द्यायचो. पडताळणी नंतर होते, न्यूकॅसलच्या ऑफिसात, कधी कधी कित्येक महिन्यांनी. त्यामुळे मुलाला वाटतं केमिस्टने दिलं म्हणजे बरोबरच असणार. तसं नसतं, सही त्याची, जबाबदारी त्याची.

ह्यांना सांगा, चोरी हा शब्द नको. हा दिवाणी दंड आहे, गुन्ह्याची नोंद होत नाही याने.


पाचपाखाडी_काका:

वहिनी, भरायच्या आधी पत्र खरं आहे का ते बघा!! माझ्या एका मित्राला डिजिटल अरेस्ट म्हणून दोन तास व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवला होता, चांगला शिकलेला माणूस, बँकेतून रिटायर झालेला, तोही फसला. परदेशातल्या एकट्या मुलांना तर हे लोक हमखास गाठतात. पत्रावर क्यूआर कोड असेल तर स्कॅन करू नका, फोन नंबर असेल तर त्यावर लावू नका, मुलाला सांगा की स्वतः एनएचएसच्या वेबसाईटवर जाऊन तिथून त्या ऑफिसचं पान शोध आणि पत्रावरचा रेफरन्स नंबर तिथे टाकून बघ. औषध घेतल्याची तारीख पत्रात असेल ना, ती त्याच्या आठवणीशी जुळते का? आणि कोणी फोन करून लगेच भर नाहीतर पोलीस येतील म्हणालं तर फोन ठेवून दे म्हणावं.


घोडबंदर_आई:

खूप खूप धन्यवाद दोघांना. आत्ताच त्याच्याशी बोलले, आज जरा बोलला नीट.

काका, त्याने वेबसाईटवरून रेफरन्स टाकून बघितलं, खरं आहे. तारीख पण तीच, नोव्हेंबरमधली, जीपीकडे गेला त्याच संध्याकाळची.

आणि एक गोष्ट त्याने आज सांगितली जी आधी सांगितली नव्हती. हे दुसरं पत्र आहे. पहिलं आलं होतं, त्यात फक्त विचारलं होतं की तुम्ही कोणत्या कारणाने फुकट औषध घेतलं ते कळवा. ते गेलं त्याच्या जुन्या घरी, जानेवारीत त्याने खोली बदलली आणि जीपीकडे पत्ता बदलायचा राहून गेला. जुन्या घरातल्या मुलाने पत्रं एका पिशवीत जमवून ठेवली होती, ती याला आत्ता मिळाली. म्हणजे वेळेत उत्तरच गेलं नाही. भावा (खारघर_फार्मा), आता त्या पहिल्या पत्राचं उत्तर देऊन काही फायदा आहे का?


ऐरोली_९०:

माझं स्पष्ट मत सांगतो ताई, राग मानू नका. कोर्स संपत आला असेल तर भरूच नका, दोन-तीन महिन्यात तो इकडे येईल, दीडशे पौंडासाठी कोण ठाण्याला येणार वसुलीला. आणि राहणारच असेल तर लिहून टाकायचं की माझ्याकडे लो इन्कमचं सर्टिफिकेट होतं, हरवलं. स्टुडंटला तसंही इन्कम नसतंच, कोण बघतंय. माझ्या ओळखीतल्या एकाने असंच काहीतरी लिहिलं होतं.


खारघर_फार्मा:

ऐरोली, तुम्ही मदत म्हणूनच सांगताय हे कळतंय, पण या सल्ल्याने पोराचं खरंच वाटोळं होईल म्हणून लगेच लिहितोय, दुकानात गिऱ्हाईक उभं आहे तरी.

कमी उत्पन्नवाल्यांच्या सुटीचं ते सर्टिफिकेट नोटीस पाठवणारं तेच ऑफिस देतं. लो इन्कम स्कीम पण तेच चालवतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर त्याचं नाव नाही, म्हणून तर नोटीस आली. आता नसलेलं सर्टिफिकेट होतं असं लेखी कळवायचं म्हणजे नोव्हेंबरात चुकून झालेली गोष्ट आता मुद्दाम करायची. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन औषधाचे पैसे चुकवणं हा तिथल्या २००६ च्या एनएचएस कायद्यात वेगळा गुन्हा आहे, त्यात मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहावं लागतं आणि २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आज त्याच्या हातात आहे तो फक्त दिवाणी दंड. ही दोन वेगळी दारं आहेत, दुसरं दार आपण होऊन उघडायचं नाही.

न भरण्याचं म्हणाल तर नोटीस थकली की वसुली करणाऱ्यांकडे जाते, तिथून काउंटी कोर्टात जाऊ शकते. कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर सहा वर्षं क्रेडिट रेकॉर्डवर राहतो, मग घर भाड्याने घ्यायला, मोबाईलचा प्लॅन घ्यायला, सगळीकडे अडतं. आणि ताईंनी व्हिसाचं विचारलं होतं, ते आता सांगतो. पेनल्टीची नोटीस आली, भरली, विषय संपला, याने व्हिसा अडत नाही. एनएचएसच्या थकबाकीमुळे व्हिसा नाकारतात असं आपण ऐकतो ते हॉस्पिटलच्या उपचारांच्या बिलाचं, ५०० पौंड किंवा वर थकलं तर. पण व्हिसाच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, पैसे न भरल्याबद्दल तुमच्याविरुद्ध दिवाणी कोर्टाचा निकाल लागलाय का? ११८ पौंड थकवून तिथे हो लिहायची वेळ आणायची? पोराला ग्रॅज्युएट रूटचा (शिक्षणानंतर तिथे राहून काम करायच्या व्हिसाचा) अर्ज करायचा असेल तर मुळीच नाही. इकडे परत आला तरी उद्या नोकरीसाठी, कॉन्फरन्ससाठी परत व्हिसा लागणारच ना.

ताई, तुमचा प्रश्न. नोटिशीला उत्तर देता येतं. त्या दिवशी खरंच सूट लागू होती हे दाखवता आलं तर नोटीस मागे घेतात, आणि मी चुकीचं वागलो नाही, निष्काळजीपणाही केला नाही हे दाखवता आलं तरी पेनल्टी लागत नाही असं कायद्यातच आहे. पण तुमच्या मुलाच्या केसमध्ये कागदावर वय छापलेलं होतं आणि त्याने सही केली, त्यामुळे मला माहीत नव्हतं एवढ्यावर सुटेल असं मला वाटत नाही. खरं काय ते लिहायचं असेल तर लिहू दे, पहिलं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं तेही लिहू दे, पण २८ दिवस उलटू देऊ नका. एकदम भरणं जड जात असेल तर त्या ऑफिसला फोन करून हप्त्याचं विचारता येतं. माझं विचाराल तर भरून मोकळं व्हा आणि आजच जीपीकडे पत्ता बदलायला सांगा. ही पेनल्टी दर प्रिस्क्रिप्शनला वेगळी लागते. नोव्हेंबरनंतर त्याने परत असेच पंप घेतले असतील तर त्याची पत्रं कुठल्या पत्त्यावर चाललीत ते आधी बघा.


नेरुळची_मावशी:

घोडबंदर_आई, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे हे २०१८ साली झालं आणि सही मी केली होती. माझी.

मुलगा-सून रेडिंगला होते, नातू झाला म्हणून मी गेले होते, नंतर त्याच्या पहिल्या वाढदिवसाला परत गेले. तिकडे गरोदर बाईला आणि बाळ झाल्यावर बारा महिने औषधं फुकट असतात, पण त्याचं एक सर्टिफिकेट काढावं लागतं, सुनेने ते काढलं होतं, सगळं रीतसर. वाढदिवस झाला, आठवड्याभरात तिला घशाचं इन्फेक्शन झालं, ताप १०२, बाळ रडतंय, मुलगा ऑफिसात, म्हणून मी म्हटलं मी आणते औषध. केमिस्टने विचारलं ही पैसे भरते का? मला जेवढं इंग्लिश येतं तेवढ्यात मी सांगितलं, नाही, बेबी आहे. वर्षभर सूनबाईंचं औषध फुकट आणताना मी बघितलंच होतं. त्यांनी कागद दिला, मी तिच्या वतीने सही केली. सर्टिफिकेट संपून सहा दिवस झाले होते हो.

नोटीस सुनेच्या नावावर आली. मी इकडे परत आल्यावर आली. ५२ पौंड ८० पेन्स, एकच आयटम होता, तेव्हा ८.८० दर होता. मुलाने भरून टाकली आणि मला चार महिने सांगितलंच नाही, मला वाईट वाटेल म्हणून. नंतर बोलता बोलता सुनेच्या तोंडून निघालं. मी त्या रात्री खूप रडले. आयुष्यभर शाळेत नोकरी केली, खडूचा तुकडा घरी आणला नाही, आणि परक्या देशात जाऊन माझ्या सहीमुळे तिच्या नावावर दंड. सूनच मला समजावत होती, आई तुम्ही माझ्यासाठी पावसातून चालत गेलात तेवढंच माझ्या लक्षात आहे म्हणून.

म्हणून सांगते, तुमच्या ह्यांना म्हणावं पोराला चोर म्हणू नका. छाती भरलेली असताना एकटा पोरगा अनोळखी गावात औषध आणायला गेला होता. रागावायचं तर पत्ता बदलला नाही म्हणून रागवा, ती त्याची चूक आहे. आणि जे कोणी सासू-सासरे, आईवडील तिकडे जातात त्यांनी एवढं लक्षात ठेवा, दुसऱ्याचं औषध आणायला गेलात तर आपण साठीच्या वर आहोत म्हणून चालत नाही, वय पेशंटचं बघतात. माझ्या ओळखीच्या एक जण असंच सांगून आल्या होत्या, नशीब केमिस्टने तिथेच नावाखालची जन्मतारीख वाचली. काउंटरवर विचारलं तर सरळ सांगा मला माहीत नाही, आणि घरी फोन लावा.


चरई_वाचनालय:

मावशी, तुमची पोस्ट वाचून गलबलून आलं.

मला या दंडाच्या मागचं जे खुपतं ते लिहितो, घोडबंदर_आईंच्या मुलाला दमा आहे म्हणून मुद्दाम. त्यांची एनएचएस ५ जुलै १९४८ ला सुरू झाली तेव्हा औषधं सगळ्यांना फुकट होती. १९५२ मध्ये प्रिस्क्रिप्शनला एक शिलिंग लावला, १९६५ मध्ये काढून टाकला, १९६८ मध्ये परत आणला आणि तेव्हा कोणत्या आजारांना सूट द्यायची त्याची यादी केली. ती यादी जवळजवळ तशीच आहे अजून. कॅन्सर त्यात यायला २००९ उजाडलं. औषधं घ्यावी लागतात असा डायबेटिस आहे, एपिलेप्सी आहे, थायरॉइड कमी असून गोळी चालू असेल तर ते आहे. दमा नाही! ज्याला रोज दोन वेळा पंप ओढल्याशिवाय जिना चढता येत नाही त्याला पैसे, आणि सूट असलेल्याला त्याच्या आजाराचंच नाही तर सर्दीखोकल्याचं औषधही फुकट. थायरॉइडवाल्यांचं काढून घ्या असं मी म्हणत नाहीये, त्यांना मिळतंय ते योग्यच आहे, पण दमेकरी त्यात का नाही हे मला पटेल असं अजून कोणी सांगितलेलं नाही. तिथले दम्याच्या पेशंटसाठी काम करणारे लोक वर्षानुवर्षं हेच मागतायत.

आणि गंमत म्हणजे, गंमत नाही खरं तर, वाईटच आहे, हे फक्त इंग्लंडपुरतं. वेल्सने २००७ मध्ये प्रिस्क्रिप्शनचा चार्ज रद्द केला, नॉर्दर्न आयर्लंडने २०१० ला, स्कॉटलंडने २०११ ला. तुमचा मुलगा लेस्टरऐवजी कार्डिफ किंवा ग्लासगोला गेला असता तर तेच दोन पंप एक पैसा न देता मिळाले असते आणि हे पत्र आलंच नसतं. म्हणून इथे लोक एकमेकांना सांगतात यूकेत औषधं फुकट, सांगणारा एडिंबराचा असतो आणि ऐकणारा मँचेस्टरला जाणारा. त्यात इंग्लंडमध्येही दहापैकी जवळजवळ नऊ आयटम फुकटच जातात, कारण बहुतेक औषधं म्हाताऱ्यांची आणि सूट असलेल्यांची असतात. केमिस्टकडे लाईनीत उभं राहिलं की पुढचे चार जण पैसे न देता जाताना दिसतात, नव्या मुलाला काय वाटणार.

नोटिसाही सगळ्या बरोबरच असतात असं नाही. त्यांच्याच नॅशनल ऑडिट ऑफिसने मे २०१९ मध्ये हिशोब मांडला होता, २०१४ पासून प्रिस्क्रिप्शन आणि दातांच्या उपचारांच्या मिळून ५६ लाख नोटिसा निघाल्या, आणि त्यातल्या १७ लाख मागे घ्याव्या लागल्या कारण त्या लोकांना सूट खरोखरच होती. त्यामुळे ज्याच्याकडे सर्टिफिकेट आहे त्याने घाबरून पैसे भरू नयेत, नक्की लढावं. तुमच्या केसमध्ये मात्र मला खारघर म्हणतात तेच पटतं.


पाचपाखाडी_काका:

चरई, एवढं माहीत नव्हतं. आपल्याकडे १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य सरकारच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यात सगळ्यांना फुकट केलंय, केसपेपरलाही पैसे नाहीत, गरीब-श्रीमंत विचारत नाहीत. आपली मुलं तीच सवय घेऊन जातात, फुकट म्हणजे सगळ्यांना फुकट. तिकडे फुकट कोणाला हे आधी वाचावं लागतं. जाण्याआधी एजंट लोक बँक अकाउंट, सिमकार्ड, थर्मल सगळं सांगतात, हे एक कोणी सांगत नाही.


खारघर_फार्मा:

ताई, दंडाचं झालं, आता पुढचं, कारण पंप तर त्याला लागतच राहणार.

प्रीपेमेंट सर्टिफिकेट म्हणून असतं, पीपीसी म्हणतात. तीन महिन्यांचं ३२.०५ पौंड, वर्षाचं ११४.५०. ते घेतलं की त्या काळात कितीही आयटम घ्या, केमिस्टकडे एक पेनी द्यायची नाही. त्याला महिन्याला दोन पंप धरले तर वर्षाचे २४ आयटम, सुटे घेतले तर २३७.६० होतील, सर्टिफिकेटवर ११४.५०. निम्म्याहून कमी. वर्षाला बारा आयटम लागत असतील तरी ते परवडतं, तीन महिन्यांत चार लागत असतील तर छोटं घ्या. ऑनलाइन मिळतं, वर्षाचं असेल तर दहा हप्त्यांतही भरता येतं.

आणि ऐरोलीने लो इन्कमचं चुकीच्या कारणासाठी सांगितलं, पण ती स्कीम खरी आहे आणि आपल्या मुलांना तिची माहिती नसते. एचसी१ नावाचा फॉर्म भरायचा, बचत १६,००० पौंडांच्या आत असली पाहिजे, उत्पन्न आणि खर्च खरे दाखवायचे, बसत असेल तर एचसी२ सर्टिफिकेट येतं आणि त्यावर औषधं फुकट, दातांचं आणि चष्म्याच्या तपासणीचंही. एचसी३ आलं तर ते अर्धवट मदतीचं, त्यावर औषध फुकट मिळत नाही, त्यात परत लोक फसतात. स्टुडंट व्हिसावरची मुलंही अर्ज करू शकतात. त्याला करू दे, पण सर्टिफिकेट हातात येईपर्यंत पैसे भरूनच औषध घ्यायचं आणि भरताना एफपी५७ नावाची पावती मागायची. ती नंतर मिळत नाही, तेव्हाच मागावी लागते. तिच्यावर तीन महिन्यांच्या आत पैसे परत मागता येतात.

इथे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मुलीला थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिला सांगा, इंग्लंडला पोचल्यावर जीपीकडे एफपी९२ए फॉर्म माग. सर्टिफिकेट पाच वर्षांचं मिळतं. पण नुसता थायरॉइड असून भागत नाही, ते सर्टिफिकेट काढलेलं असावं लागतं. ते न काढता मला सूट आहे म्हणून सही करणाऱ्या मुली मी इतक्या बघितल्यात, आजार खरा, सूटही खरी, फक्त कागद नाही म्हणून पत्र घरी.


ऐरोली_९०:

खारघर, माझं चुकलं. मला वाटलं छोटी रक्कम आहे, कोण बघतंय. ताई, माझा सल्ला धरू नका. त्या ओळखीतल्या मुलालाही आज फोन करतो.


घोडबंदर_आई:

सगळ्यांना कळवते म्हणून सांगितलं होतं.

काल रात्री भरले पैसे, त्याने स्वतःच्या पार्ट टाइमच्या पगारातून भरले, मी पाठवते म्हटलं तर नको म्हणाला. पावती मला पाठवली. तारखेच्या आत झालं, नऊ दिवस हातात होते. नोव्हेंबरनंतर एकदाच पंप घेतले होते, एप्रिलमध्ये, आणि तेव्हा दुसऱ्या दुकानात गेला होता, तिथल्या बाईंनी वय विचारून १९.८० घेतले होते. तेव्हा त्याला वाटलं की हे दुकान महाग आहे म्हणून. हे ऐकून मी डोक्याला हात लावला पण एका बाजूने जीव भांड्यात पडला की दुसरी नोटीस यायची नाही. जीपीकडे पत्ता बदलला, जुन्या घरातल्या त्या मुलालाही पत्रं जपून ठेवल्याबद्दल जेवायला नेणार आहे म्हणाला.

मावशी, तुमची पोस्ट मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. पावसातून चालत गेलात तिथे मला पुढे वाचता येईना, ह्यांनी मोबाईल घेतला हातातून आणि उरलेलं स्वतः वाचलं. काही बोलले नाहीत. रात्री अकराला उठून गॅलरीत जाऊन त्याला फोन लावला, मी आतून ऐकत होते, पहिला प्रश्न होता, पंप आहे ना रे जवळ?

खारघर_फार्मा, एकच शेवटचं विचारते. पीपीसी ऑनलाइन घेतलंय, वर्षाचं. त्याचं कार्ड यायची वाट बघायची का, तोपर्यंत पंप लागला तर?


खारघर_फार्मा:

नाही ताई, वाट बघायची गरज नाही. सर्टिफिकेटचा नंबर ईमेलवर येतो, तो फोनमध्ये ठेवायचा, काउंटरवर दाखवायचा आणि कागदावर प्रीपेमेंट सर्टिफिकेटच्या चौकोनात खूण करायची. फक्त सर्टिफिकेट कोणत्या तारखेपासून सुरू होतंय ते बघून घ्या, आणि संपायच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीचा अलार्म त्याच्या आणि तुमच्या, दोघांच्या फोनमध्ये लावा.